गोल्फ कार्ट आणि टाकीचं वळण

आमच्या कॉलनीची गोल्फ कार्ट चढणीसाठी बनलेलीच नव्हती, हे आता मला सगळेच सांगतात. ती घ्यायचं ठरलं त्या सभेत मात्र हेच लोक टाळ्या वाजवत होते. एक रिसॉर्ट बंद पडलं होतं आणि आपलं सामानसुमान विकत होतं, त्यात ही हिरवी विजेवरची गाडी होती. ते रिसॉर्ट परातीसारख्या सपाट मैदानावर होतं, हे आम्हाला गाडी दारात आल्यावर कळलं. आमची कॉलनी टेकडीवर आहे हे मात्र आम्हाला आधीपासून माहीत होतं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न आजही खुला आहे.

दोन इमारती खाली फाटकाशी, तीन वर. मधला रस्ता इतका अरुंद की बिल्डरच्या नकाशात त्याला पायवाट म्हटलंय. मोटारी फाटकाशीच थांबतात. पुढे ज्याचे गुडघे चांगले तो चालतो, आणि ज्याचे नाहीत त्याच्यासाठी ही गोल्फ कार्ट. पुढे दोन जणांना बसायला जागा आणि मागे दोघांना, पण मागच्यांची तोंडं उलट्या दिशेला. म्हणजे मागे बसणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून आलो तेवढं दिसतं. आमच्या कमिटीला ही मांडणी फार पसंत पडली.

गाडी एकट्या माणसाला घेऊन वर जायची. दोन माणसं असली की पाण्याच्या टाकीपाशी जे वळण आहे, तिथे ती कण्हायला लागायची. तीन असली की थांबायचीच. मग एकाने उतरायचं, ढकलायचं, आणि गाडी सुटली की तिच्यामागून चालत वर यायचं. हा एक जण बहुतेक वेळा मी असायचो. माझं वजन जरा जास्त आहे. किती, ते इथे सांगायचं कारण नाही.

गेल्या महिन्यात त्या वळणावर आई अडकली. ती मावशीकडून परत येत होती. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, खालच्या पहिल्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. दोघींचे मिळून चार गुडघे, त्यातला एक बरा आहे, तोही मावशीचा. गाडी वळणावर बसली, मी आणि वॉचमन दोघांनी खांदा लावला, आणि तेवढ्यात वरच्या तिन्ही इमारतींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. एरवी सभेला बोलावलं तर यातले चार जणही येत नाहीत. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि आम्ही घरी पोहोचायच्या आत तो कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली एकाने हात जोडलेली चित्रं टाकली होती. ती आईला होती की गाडीला, ते कळलं नाही.

आईने घरात येऊन काठी कोपऱ्यात ठेवली आणि जाहीर केलं की आता त्या गाडीत ती बसणार नाही. एका दमात वर नेणारी गाडी असेल तेव्हा सांगा. बायकोने सुचवलं की खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेता येईल, मुलं आहेत कॉलनीत, हौसेने नेतील. आई म्हणाली, "चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. त्याची आत्तापासून तालीम नको."

त्यानंतर आठच दिवसांनी मावशीच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो. म्हणाला, महिनाअखेरीस आईला इकडे घेऊन येतोय, कायमची. तिथे एकटीला कशाला ठेवायचं, आणि आता तुझ्या आईचं आणि तिचं भेटणंसुद्धा होत नाही. त्याचं काही चुकत नव्हतं. मी आईला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी बसली होती. तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "पंचवीस दिवस आहेत. रोज तासभर मिळाला असता तरी पुष्कळ झालं असतं." आई कधी काही मागत नाही. त्यामुळे ते माझ्या फार जिव्हारी लागलं, आणि मी मागचा पुढचा विचार न करता म्हणालो, की गाडीचं मी बघतो.

मी विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. लोकांनी आपापल्या गाड्यांची काय काय वाट लावली ते वाचण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. बायकोचा तसा समज नव्हता, पण तिने तो एका उसाशात सांगितला आणि विषय संपवला.

गोदामांमधल्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री मला सापडला. तो आला, गाडीखाली आडवा झाला, आणि तिथूनच त्याने विचारलं, "साहेब, वेग पाहिजे की चढ पाहिजे?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, दोन्ही सगळ्यांनाच पाहिजे असतं. मग बाहेर येऊन, हात पुसत, त्याने मला जे सांगितलं ते असं: बॅटऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवला की गाडी पळते. चढायला ताकद लागते, आणि ताकदीसाठी मोटरला करंट भरपूर मिळायला हवा. तो करंट सोडणारा एक डबा असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. आमचा कंट्रोलर लहान होता आणि वायरी बारीक होत्या. डबा मोठा, वायरी जाड, बॅटऱ्या नव्या, एवढं केलं की गाडी एका दमात वर. चार दिवसांचं काम. मी मनातल्या मनात एकवीस दिवस बाजूला काढून आईला देऊनही टाकले.

पण गाडी कॉलनीची, म्हणून सभा घ्यावी लागली. सभा आली म्हणजे कर्नल आले. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते रेनकोटच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, पण मिशा तशा आहेत आणि बोलणंही. ते खालच्या इमारतीत राहतात, त्यांच्या वाट्याला चढ येतच नाही. त्यांचं म्हणणं, खरा प्रश्न वेगाचा आहे. आपली गाडी सपाटीवर चालली असताना सकाळी फिरायला जाणारी माणसं तिला मागे टाकून जातात, आणि वर मागे वळून हसतात. कॉलनीची काही इभ्रत आहे की नाही. खालच्या इमारतींनी बाकं वाजवली. वरच्या इमारतींनी चढाच्या बाजूने बाकं वाजवली. आमच्या सेक्रेटरींना कुणालाच नाराज करायला आवडत नाही, यामुळेच ते नऊ वर्षं सेक्रेटरी आहेत. त्यांनी ठराव लिहिला: वेग व चढ या दोहोंना समान न्याय देण्यात यावा.

मिस्त्रीला मी तो ठराव वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

समान न्यायाची सुरुवात वेगापासून झाली, कारण कर्नलांनी मोबाइलवर वाचलं होतं की चाकं मोठी केली की गाडी जोरात पळते. मोठी चाकं आली. गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि सपाटीवर खरोखरच पळाली. फिरायला जाणाऱ्यांना कर्नलांनी तीन वेळा मागे टाकलं, त्यातल्या दोन वेळा तेच लोक होते. मग ती चढाला लागली आणि टाकीच्या वळणापर्यंतही पोहोचली नाही. खूप अलीकडे, जिथे गुलाबाची कुंडी आहे, तिथेच थांबली. मिस्त्री म्हणाला, मोठं चाक म्हणजे सायकल वरच्या गिअरमध्ये टाकून चढ चढण्यासारखं आहे. हे तुम्ही आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुमच्या ठरावात न्यायाचं होतं, चाकाचं काही नव्हतं. सात दिवस गेले होते.

आता सेक्रेटरींना शंका आली की असा वेग वाढवायला सरकारी परवानगी लागत असेल. मी रजा टाकून वाहन नोंदणी कार्यालयात गेलो. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाल्या, हे वाहन नाही. मला बरं वाटलं. मी निघणार एवढ्यात त्या म्हणाल्या, तुमच्या पावतीवर क्रीडा साहित्य असं लिहिलंय. रिसॉर्टवाल्यांनी बॅट, चेंडू, जाळी आणि आमची गाडी एकाच पावतीवर विकली होती. बाईंच्या मते क्रीडा साहित्यात बदल करायचा तर क्रीडा खात्याचं ना-हरकत पत्र हवं. मी क्रीडा खात्यात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, आपण कोणता खेळ खेळता? मी म्हटलं, कुठलाच नाही, आईला बहिणीकडे न्यायचंय. त्यांनी फाइल मिटली आणि मला पाणी दिलं. मग एकदम सज्जन माणसासारखं म्हणाले, कॉलनीच्या आत फिरवता ना? मग आम्हाला विचारू नका आणि आम्ही नाही म्हणणार नाही. हे लेखी मिळेल का, असं मी विचारलं. तिथून पुढे ते सज्जन राहिले नाहीत. या सगळ्यात आणखी सहा दिवस गेले.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की आई विचारायची नाही. ती फक्त माझ्या हातांकडे बघायची, काळे झालेत का ते. काळे असले की तिला जरा हुशारी यायची. त्या कार्यालयांच्या सहा दिवसांत माझे हात स्वच्छ होते, आणि मला घरी यायची लाज वाटायची.

शेवटी कंट्रोलर आला, जाड वायरी आल्या आणि बॅटऱ्या आल्या. गाडीला सहा बॅटऱ्या लागतात. आल्या चार. मी सेक्रेटरींना विचारलं तर त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, की जुन्यांतल्या दोन अजून चांगल्या आहेत, चांगली वस्तू टाकवत नाही. हे ऐकून मी वाद घालायला हवा होता. पण आमच्या घरात सकाळच्या चहाचं पातेलं दांडा तुटल्यावरही सात वर्षं सांडशीने उचललं जात होतं. त्यामुळे मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि नव्यांच्या रांगेत दोन जुन्या बॅटऱ्या आम्ही दोघांनी मिळून, मिस्त्री जेवायला गेला असताना, बसवल्या. मिस्त्रीचे थोडे कष्ट वाचवले असंच आम्हाला वाटत होतं.

आता आईला बसवण्याआधी चाचणी हवी, हे मात्र मी शहाण्यासारखं ठरवलं. मागच्या सीटवर पाण्याच्या वीस लिटरच्या तीन कॅन बांधल्या, आईच्या वजनाच्या अंदाजाने. गाडी निघाली, कुंडी ओलांडली, वळणावर आली, आणि हळूहळू, डोळा लागावा तशी थांबली. वरच्या गॅलरीतून आई बघत होती. तिने तिथूनच हाक मारून विचारलं की त्या कॅन कशासाठी आहेत. मी खरं सांगितलं. संबंध टेकडीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मी दोन कॅन आहे. तिसरी तुझ्या बायकोने घातली असेल." बायको त्या वेळी तिच्याच शेजारी उभी होती. त्या दिवशीचं रात्रीचं जेवण फार शांततेत झालं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग त्याने विचारलं की या दोन म्हाताऱ्या इथे कुणी बसवल्या. चार धावणारे आणि दोन बसणारे एका दोरीला बांधले की सगळेच बसतात, नव्या बॅटऱ्यासुद्धा या दोघींपायी वाया जातील. मी सेक्रेटरींकडे बघितलं, सेक्रेटरींनी आकाशाकडे. दोन नव्या आणायला सेक्रेटरी तयार होईनात, जुन्यांचा त्यांना लळा लागला होता. तिढा बायकोने सोडवला. ती म्हणाली, टाकू नका, कॉलनीच्या ऑफिसातल्या दिव्याला जोडा. टाकलं कुठे, बदली झाली. बदली हा शब्द ऐकून सेक्रेटरींचा चेहरा उजळला, आणि त्यांनी त्याचाही ठराव लिहिला.

मग चाकं परत लहान आली, बॅटऱ्या सहाच्या सहा नव्या झाल्या, मोटर उघडून साफ झाली, ब्रेक घट्ट झाले. मिस्त्रीने मला बाजूला घेऊन बजावलं, की आता ही पूर्वीची गाडी नाही, पाय हळू ठेवा. सेक्रेटरींच्या आग्रहाने सीटही नव्या बसवल्या होत्या. चकचकीत, आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलेलं. ते कुणी काढलं नाही. आमच्याकडे फ्रीजच्या दारावरचा कागद तीन वर्षं होता, सोफ्याचं कव्हर पाहुणे येणार म्हणून निघतं आणि पाहुणे गेले की परत चढतं. नव्या सीटचं प्लॅस्टिक फाडायचं हे आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नसतं. मिस्त्रीच्या मनात आलं असेल, पण त्याला बिचाऱ्याला आता कशातच बोलायचं नव्हतं.

उद्घाटनाला कॉलनी जमली. मावशी जायला पाच दिवस उरले होते. मी चालवणार, मागे सेक्रेटरी आणि कर्नल. दोघांनीही ठेवणीतले सुळसुळीत कपडे घातले होते. फीत कापली, मी पाय ठेवला, आणि गाडी अशी काही उसळून निघाली की माझी टोपी मागे गेली. कुंडी गेली. टाकीचं वळण मी घेतलं आणि तेही गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी मागे न वळताच बोलायला लागलो. कंट्रोलर काय असतो, करंट कसा जातो, न्याय कसा दोघांनाही मिळाला, सगळं सविस्तर सांगितलं. वर पोहोचून थांबलो, वळून बघतो तर मागची सीट रिकामी.

पहिल्याच हिसक्याला दोघे प्लॅस्टिकवरून घसरून गेले होते. मोठं काही लागलं नाही. लोक सांगतात की दोघे रस्त्यावर शेजारी शेजारी, पाय पसरून, अगदी सीटवर बसल्यासारखे बसले होते, आणि कर्नलांचा हात अजूनही लोकांना अभिवादन करत होता. याचाही व्हिडिओ निघाला. यावेळी हात जोडलेली चित्रं फार आली.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा. चौकशी पूर्ण होईपर्यंत गाडी बंद. गाडी आमच्या इमारतीखाली साखळीने बांधली, किल्ली सेक्रेटरींकडे गेली, आणि चौकशी समितीची पहिली बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ठरली. मी सांगून पाहिलं की तोवर मावशी गेलेली असेल. कर्नल म्हणाले की भावना समजू शकतो, पण शिस्त म्हणजे शिस्त. ते उभ्याने बोलत होते. बसणं त्यांना जड जात होतं.

मी घरी येऊन आईला सांगितलं की जमलं नाही. एवढंच बोललो आणि हात धुवायला गेलो. हात काळे होते, आणि ती त्यांच्याकडे बघत होती, ते मला बघवेना.

सकाळी उठलो तर आई घरात नाही. खाली बघतो तर ती साखळीने बांधलेल्या गाडीत, पुढच्या सीटवर, काठी मांडीवर घेऊन बसलेली. तिथे बायको कात्री घेऊन सीटचं प्लॅस्टिक कापत होती. सेक्रेटरी धावत आले आणि म्हणाले, वहिनी, हा चौकशीतला पुरावा आहे. बायको म्हणाली, घ्या, आणि त्यांच्या हातात प्लॅस्टिकची गुंडाळी दिली. मग ते आईकडे वळले. आई भांडताना आवाज चढवत नाही. ती म्हणाली, "तुमची चौकशी चालू द्या. मी बसलेय इथे. साक्ष हवी असेल तर मला विचारा, मी गॅलरीतून सगळं पाहिलंय." पाऊण तास सेक्रेटरी तिच्यासमोर उभे होते. नऊ वर्षांत एकालाही नाराज न केलेला तो माणूस, आईला नाराज करणं त्याला झेपलं नाही. त्यांनी किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले की ठरावाचं मी बघतो.

खाली मावशीच्या घरात बसायला जागाच नव्हती. अर्धं सामान खोक्यांत भरलेलं, खुर्च्या एकावर एक. आई दारातच थांबली, एकदा खोक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, तू चल वर." मावशी घाबरली, म्हणाली ती गाडी नको गं बाई. पण आईने तिचा हात धरलाच होता. दोघींना शेजारी बसायचं होतं म्हणून त्या मागे बसल्या, उलट्या तोंडाने. मी इतका हळू पाय ठेवला की गाडी निघाली हेही त्यांना कळलं नसावं. कुंडी मागे पडली. टाकीचं वळण आलं. गाडीने हूं की चूं न करता ते वळण घेतलं. एकवीस दिवस मी ज्यासाठी मर मर मेलो, ते असं झालं. मला राहवेना. मी मागे वळून म्हटलं, "आई, वळण गेलं." आई म्हणाली, "कुठलं वळण?" आणि त्या दोघी कुण्या मामीच्या लग्नातल्या भांडणाकडे परत वळल्या.

वर आल्यावर मावशीने आमच्या घरातून एक चक्कर मारली, नवी फरशी पाहिली, ती निसरडी असल्याचं मला सांगितलं, आणि आईच्या खिडकीशी जाऊन बसली. तिथून तिच्या इमारतीची मागची बाजू दिसते. तिने विचारलं, दोरीवरची ती निळी साडी माझीच ना? आई म्हणाली, हो. सकाळी वाळत पडली की कळतं मला, तू उठलीस म्हणून. मावशीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग मी पुढची दोरी सोडून मागे कपडे घालते ते कशासाठी घालते, असं वाटलं तुला?"

दोघी संध्याकाळपर्यंत खिडकीशी होत्या. बायकोने दोनदा चहा दिला. खाली सोडायला मी किल्ली घेतली तेव्हा मावशी आरामात मागे टेकून बसली होती. म्हणाली, आधी माझ्या मुलाला फोन लाव आणि सांग, मी येत नाही. इथेच राहणार. मी म्हटलं, मावशी, हे तू सांग. ती म्हणाली, मी सांगितलं तर तो ऐकायचा नाही, तू विम्यात आहेस, तुला लोकांना नाही म्हणायची सवय आहे.

मी फोन लावला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, अर्धं सामान भरून झालंय, खोली रंगवून घेतली मी. अचानक झालं तरी काय?" दोघी बहिणी माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "काही नाही रे. गाडी चढायला लागली."